पत्ता नको, माणूस शोधा

ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. वय 41. बारा-तेरा वर्षं पितोय. आधी फक्त शनिवार-रविवार, मग रोज संध्याकाळी एक क्वार्टर, आता दोन. गेल्या दिवाळीपासून सकाळी शाळेत जाण्याआधीही घोटभर घ्यावी लागते, नाहीतर हातात खडू ठरत नाही. चौथीतली एक मुलगी परवा म्हणाली, ‘सर, तुमचं अक्षर हलतंय.’ आईच्या आग्रहाखातर माळ घातली होती. चार महिने पाळली आणि एका लग्नात मोडली. नंतर एकदा स्वतःच निश्चय करून एकदम बंद केली, तर तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा उतरताना दिसायला लागल्या. मी रात्रभर चादर झटकत होतो. चौथ्या दिवशी परत घेतली. परवा बायकोच्या पर्समध्ये एक पुडी सापडली, ‘न सांगता दारू सोडवा’ असं लिहिलेली. मी तिला काही बोललो नाही. एक मित्र म्हणतो, एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या मीटिंगला जा. जवळपास मीटिंग कुठे असते हे कसं शोधायचं? गावात मला सगळे ओळखतात. कुणी पालक तिथे भेटले तर? आणि माझा देवावर विश्वास नाही, तिथे प्रार्थना म्हणतात असं ऐकलंय. जाऊन खरंच काही होतं का?
– एक शिक्षक

सर,

तुम्ही विचारलंत मीटिंगचं, पण मी आधी मुंग्यांबद्दल बोलणार आहे. पत्रात तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीवर थांबले.

त्या रात्री तुमचा निश्चय कमी पडला असं तुम्हाला वाटत असेल, तर ते मनातून काढून टाका. रोज पिणाऱ्या माणसाचा मेंदू दारू धरूनच आपला तोल सांभाळायला शिकलेला असतो. ती एकदम काढून घेतली की तो तोल जातो. पहिल्या सहा-बारा तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना नसलेलं दिसायला लागतं, मुंग्या, उंदीर, कोपऱ्यात उभी असलेली माणसं. दिवस की रात्र हे कळेनासं होतं. डॉक्टर याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. तुमचं नेमकं काय झालं होतं ते तपासणारेच सांगतील. पण तुम्ही त्या वाटेवर होतात एवढं नक्की, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर या अवस्थेत माणूस दगावू शकतो. ज्याला एकदा असा त्रास झाला, त्याला पुढच्या वेळी तो होण्याचा धोका जास्त असतो.

म्हणून हे पत्र वाचून आवेशात येऊन उद्यापासून घरच्या घरी बंद करू नका. आधी साताऱ्याच्या सिव्हिलला मानसोपचार विभागात जा, किंवा एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि पहिल्याच वाक्यात सांगा: रोज किती पितो, सकाळी लागते, मागे बंद केल्यावर मुंग्या दिसल्या. लाजून अर्धी क्वार्टर कमी सांगू नका, औषधाचा डोस त्यावरच ठरतो. काही दिवस गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत दारू उतरवतात. ब जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. गरज वाटली तर दाखल करून घेतात. ही दहा-बारा दिवसांची गोष्ट आहे. त्यासाठी वैद्यकीय रजा टाका, आणि तोवर सकाळी घेऊन बाइकवर बसू नका, वर्गात जाऊ नका. घेऊन वर्गात उभं राहिलात तर नोकरी जाऊ शकते. उपचारासाठी रजा घेतली म्हणून कुणाची जात नाही. मधेच फिट आली किंवा पुन्हा तसं काही दिसायला लागलं, तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, 108ला फोन करायचा. हे बायकोला आजच सांगून ठेवा.

आता मीटिंगचं. यात मी स्वतः चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. माझा थोरला भाऊ प्यायचा. ज्या वर्षी तो पहिल्यांदा म्हणाला की चल, बघू काय असतं ते, त्या संध्याकाळी मी कुठूनशी मिळवलेली एक जुनी यादी पर्समध्ये घेऊन त्याच्याबरोबर निघाले. शाळेचं नाव होतं, वार होता, वेळ होती. आम्ही पोचलो तर फाटकाला कुलूप. मीटिंग दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या शाळेत हलली होती. दादा कुलपाकडे बघत म्हणाला, “बघ, नशिबातच नाही,” आणि वळला. तो पुन्हा ‘चल’ म्हणेपर्यंत सात महिने गेले. ते सात महिने कसे गेले ते इथे लिहीत नाही.

तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, नुसता पत्ता शोधू नका, माणूस शोधा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या भारतातल्या संकेतस्थळावर गावांनुसार मीटिंगची माहिती आणि फोन नंबर मिळतात. ती माहिती सुरुवात म्हणून चांगली आहे, पण या मीटिंग उसन्या जागेत भरतात, कुठे शाळेचा वर्ग, कुठे चर्चचा हॉल, कुठे दवाखान्याची गच्ची. जागा बदलते, वेळ बदलते. तेव्हा यादीतला नंबर फिरवा. नाहीच लागला तर केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे, 14446. सिव्हिलमधले समुपदेशक आणि समाजसेवा अधीक्षकही जवळचे गट सांगतात, त्यांच्याकडे रोज तुमच्यासारखे चार जण येतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था व्यसनमुक्तीचं काम करते, तिथेही विचारता येईल. पुण्याला येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र तुम्हाला ऐकून माहीत असेलच. डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने ते उभं केलं. तिथून बाहेर पडलेल्यांचे पाठपुराव्याचे गट ठिकठिकाणी भरतात.

एएचा फोन जो उचलतो, तो कुठल्या ऑफिसातला कारकून नसतो. तो स्वतः पिणारा होता, आता थांबलेला आहे. त्याच्याशी बोलताना काय म्हणायचं असा प्रश्न पडतो, मला माहीत आहे. दादाने तीनदा नंबर लावून तीनदा कट केला होता. तुम्ही एवढंच म्हणा: “मला दारू थांबवायची आहे. मीटिंगला यायचंय, पण एकट्याने यायची हिंमत होत नाही. कुणी मला एसटी स्टँडवर भेटेल का?” आडनाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. मीटिंग मराठीत असते का आणि ती खुली आहे की बंद, हे मात्र विचारून घ्या. खुल्या मीटिंगला कुणीही बसू शकतं, बायको, भाऊ, डॉक्टर. बंद मीटिंग फक्त ज्यांना दारूचा त्रास आहे त्यांची. पहिल्या वेळी बायकोला बरोबर न्यायचं असेल तर खुली निवडा.

अनोळखी माणसाला असं स्टँडवर बोलावणं म्हणजे त्याच्यावर ओझं टाकणं, असं तुम्हाला वाटेल. उलट आहे, सर. ही सगळी चळवळच अशा एका फोनातून उभी राहिली. 1935च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेला होता. पाचेक महिने तो दारूपासून लांब होता. व्यवहार फिसकटला, खिशात फारसे पैसे नव्हते, आणि हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता. आतून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. दुसऱ्या बाजूला टेलिफोन होता आणि गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे वळला. त्याला उपदेश नको होता. त्याला आपल्यासारखाच दारूने गांजलेला एक माणूस हवा होता, ज्याच्याशी बोललं तर आपण आज वाचू. फोनांवर फोन करत त्याची गाठ पडली बॉब स्मिथ या गावातल्या सर्जनशी. डॉक्टर नाइलाजाने भेटायला तयार झाले, तेही पंधरा मिनिटांसाठी. दोघं कित्येक तास बोलत बसले. तेव्हा तुम्ही फोन केलात तर पलीकडच्या माणसाचाही तो दिवस कोरडा जायला मदत होते. तो हे तुम्हाला स्वतःच सांगेल.

याच डॉक्टरांची आणखी एक गोष्ट मला तुमच्या माळेवरून आठवली. बिलशी भेट झाल्यावर काही आठवड्यांत ते एका वैद्यकीय परिषदेला गेले आणि पिऊनच परतले. बिलने त्यांना पुन्हा उभं केलं. 10 जून 1935ला त्यांनी शेवटचा घोट घेतला आणि तीच तारीख एएचा स्थापनादिवस म्हणून धरतात. म्हणजे पहिल्या भेटीचा दिवस धरला नाही, घसरून उठल्यानंतरचा धरला. माळ चार महिन्यांनी मोडली म्हणून तुम्ही स्वतःला खोटा वारकरी म्हणवून घेऊ नका. ते चार महिने खरे होते. त्या लग्नात तुमच्या शेजारी बसून ‘सर, चला, आपण बाहेर चहा घेऊ’ म्हणणारं कुणी नव्हतं, एवढीच उणीव होती. माळेने शपथ मिळते. सोबत मिळायला माणसं लागतात.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो तेव्हा फाटकावरच एक गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, हातात पिशवी. “या,” म्हणाले, बस्स. महापालिकेची शाळा होती, तिसरीचा वर्ग. बाक इतके बुटके की मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. फळ्यावर मुलांची बेरीज तशीच होती, हातच्यासकट. कुणी ती पुसली नाही. चौदा-पंधरा जण. एक जण टेबलाशी बसला, एक मिनिट शांतता झाली, मग एकेक जण बोलायला लागला. स्वतःचं पहिलं नाव, ‘मी दारुडा आहे,’ आणि मग आपली गोष्ट. कुणी मधे बोलत नव्हतं, कुणी कुणाला सल्ला देत नव्हतं. मी सल्ल्यांचं सदर लिहिणारी बाई, माझ्या जिभेवर दहा वाक्यं येत होती आणि ती तिथे कुणालाच नको होती, हे मला त्या दीड तासात शिकावं लागलं. एका रिक्षावाल्याने सांगितलं की मुलीच्या वाढदिवसाचा केक त्याने बारच्या काउंटरवर विसरला. तो रडला नाही. ऐकणाऱ्यांपैकी दोघं रडले. शेवटी एक डबा फिरला, बहुतेकांनी दहा-वीस रुपये टाकले, काहींनी काहीच टाकलं नाही. बाहेरून देणग्या घ्यायच्या नाहीत असा त्यांचा नियमच आहे. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. दारू थांबवण्याची इच्छा हवी, एवढीच अट. इच्छा म्हणतात, थांबलेला असायला हवा असं म्हणत नाहीत. तुम्ही त्या दिवशी घेतलेली असली तरी सहसा परत पाठवत नाहीत, फक्त ‘आज बोलू नका, ऐका’ म्हणतात.

ओळखीचं कुणी भेटलं तर? भेटेल. तालुक्याच्या गावात नक्कीच भेटेल. दादाच्या पुढच्याच बाकावर त्याची स्कूटर दुरुस्त करणारा मिस्त्री बसला होता. दोघांची नजरानजर झाली आणि दोघंही खाली बघायला लागले. पूर्ण दीड तास दादाच्या कानाच्या पाळ्या लाल होत्या. मीटिंग संपल्यावर मिस्त्रीने किटलीतून चहा ओतला, कप दादाच्या हातात दिला आणि विचारलं, “आता किक बरोबर बसते ना?” दादा म्हणाला, “बसते.” त्या दिवशी दोघांत एवढंच झालं. पुढे कित्येक वर्षं गॅरेजमध्ये इतर गिऱ्हाइकांसमोर ते फक्त किक आणि कार्बोरेटरवर बोलायचे. (हे सगळं दादाला वाचून दाखवून, त्याच्या होकाराने लिहिते आहे.)

तरी मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. ‘इथे ऐकलं ते इथेच ठेवायचं’ हा त्यांचा पाळलेला दंडक आहे, कायदा नाही. हजारात एखादा तोंडाचा सैल निघू शकतो. तुमच्या मनावर त्याचं इतकं दडपण असेल की त्यापायी जाणंच लांबेल, तर पहिले दोन-तीन महिने आपलं गाव सोडा. साताऱ्याला जा, कराडला जा, पुण्याला जाणं होत असेल तर तिथे जा. कुणीही कुठल्याही गटाला जाऊ शकतं. लॉकडाउनपासून मोबाइलवरच्या मीटिंगही चालतात, मराठीतल्यासुद्धा. त्यात कॅमेरा बंद ठेवता येतो. ज्या रात्री बाहेर पडणं शक्य नाही त्या रात्रीला त्या फार उपयोगी आहेत. पण फक्त तेवढ्यावर राहू नका. कॅमेरा बंद करून ऐकता ऐकता ग्लास भरता येतो. बुटक्या बाकावर बसून ते होत नाही. आणि एक बोलू का? सकाळी सर पिऊन येतात हे गावाला कळलेलं नाही असं तुम्ही धरून चाललात. चौथीतल्या मुलीला अक्षर दिसतं, तर तिच्या आईला वास आला नसेल का?

देवाचं. हो, प्रार्थना म्हणतात. जे बदलता येत नाही ते स्वीकारायला शांती दे, जे बदलता येतं ते बदलायला धैर्य दे, आणि या दोन्हींतला फरक ओळखायची बुद्धी दे, असा तिचा आशय. दारूतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी आखलेल्या बारा पायऱ्यांमध्येही परमेश्वराचा उल्लेख आहे, पण ‘ज्याला जसा समजला तसा’ अशी मोकळीक ठेवून. मी अशा मीटिंगमध्ये पक्के नास्तिक पाहिलेत. त्यांच्यातला एक म्हणायचा, माझ्यापेक्षा मोठी शक्ती म्हणजे हे समोर बसलेले चौदा जण, कारण मला एकट्याला जे वीस वर्षं जमलं नाही ते यांच्यात बसून जमतंय. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही गप्प उभे राहा, कुणी काही म्हणणार नाही. आणि पुरावाच हवा असेल तर तोही आहे. औषधोपचारांचे पुरावे काटेकोरपणे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020मध्ये 27 अभ्यास, दहा हजारांहून जास्त माणसं, असा आढावा प्रसिद्ध केला. दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत, एएशी जोडून देणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. म्हणजे प्रत्येकाला लागू पडतं असं नाही. एक गट आवडला नाही तर दुसरा बघा. माझं म्हणणं, सहा मीटिंग होईपर्यंत मत बनवू नका. पहिल्या दोन मीटिंगमध्ये माणूस फक्त दाराकडे बघत असतो.

आता ती पुडी. तुम्ही गप्प राहिलात हे मला आवडलं नाही, पण समजलं. अशा पुड्यांमध्ये काय असतं ते विकणाराही धड सांगत नाही. काहींत डायसल्फिरम नावाचं औषध असू शकतं. ते डॉक्टरही देतात, पण पेशंटला पूर्ण कल्पना देऊन आणि तपासण्या करून. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेतू शकतं. न सांगता वरणात कालवायची ती वस्तू नव्हे. तुमच्या पत्नीने ती आणली ती दुष्टाव्याने नाही, तिच्या हातात दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. आज रात्री तिला म्हणा, “पुडी बघितली मी. ती टाकून दे. मी डॉक्टरांकडे जातोय, तू चल.” तिच्यासाठीही वेगळ्या मीटिंग असतात. अल्-अ‍ॅनॉन नावाने घरच्यांचे गट 1951पासून चालतात, त्यात तुम्ही बसायचं नाही. मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. तुम्ही थांबलात तरी तिने जावं आणि थांबला नाहीत तरी जावं. दादाच्या दारूच्या काळात आमच्या वहिनीची झोप गेली होती, ती तो सुधारल्यावरही दोन वर्षं परत आली नाही. रात्री दाराचा आवाज झाला की उठून बसायची. त्या गटात तिला पहिल्यांदा असं कुणी भेटलं की जिला हे समजावून सांगावं लागलं नाही.

नातेवाईक कदाचित म्हणतील, याला उचलून कुठल्यातरी केंद्रात टाका. दाखल व्हायची वेळ आलीच तर तुम्ही आणि पत्नी आधी ती जागा बघून या. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का, डॉक्टर कोण येतात, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. उत्तरं द्यायला जे कां-कूं करतील तिथून परत फिरा.

या शनिवारी सकाळची शाळा सुटली की सिव्हिलचं काम उरकायला उशीर होईल, तेव्हा ते शुक्रवारी, रजा टाकून. शनिवारी दुपारी फोन लावा. तीनदा कट केलात तर चौथ्यांदा लावा. ज्या दिवसाची मीटिंग ठरेल त्या दिवशी जेवून जा, रिकाम्या पोटी तलफ जास्त येते. आणि परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा, कारण मीटिंग वेळेवर संपते, पण नंतरचा चहा बराच लांबतो.

– तुमची ताई